दमल्या हाताचा कौल

तात्या गुरवांच्या तोंडात चौदा महिन्यांपासून दोनच शब्द उरले होते आणि ते कुठल्याही प्रश्नाला चालत. "तात्या, पेज देव?" विचारलं की "व्हय म्हाराजा." "तात्या, पेज नको?" विचारलं तरी "व्हय म्हाराजा." गावातली मंडळी सुरुवातीला डोळे पुसत, मग हसत, मग यायचीच बंद झाली.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि बोलण्याचं सगळं दुकान बसलं. डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की रोजचं बोलणं एकीकडे असतं आणि घोकून घोकून मुरलेले शब्द दुसरीकडे. आरत्या, पाढे, शिव्या असलं सामान गुठळीच्या तावडीतून पुष्कळदा सुटतं. तात्यांनी शिव्या कधी साठवल्या नव्हत्या. त्यांनी पन्नास वर्षं पाटवळच्या रवळनाथापुढं लोकांसाठी गाऱ्हाणं घातलं होतं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यामागून गाव एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. तेवढं वाचलं.

त्यांची मुलगी मृणाली एकोणपन्नास वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारणारी माणसं आता थकून गप्प झाली होती. भाऊ शैलेश मस्कतला. तेव्हा तात्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं हे सगळं तिच्याकडं आणि त्यावर तालुक्याच्या रुग्णालयातली नोकरी. गेल्या चार रात्री तात्यांचा खोकला थांबत नव्हता, म्हणून तिचाही डोळा लागला नव्हता. मंगळवारी सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसले आणि ती त्यांना घेऊन रुग्णवाहिकेतूनच कामावर पोचली.

"पेज श्वासनलिकेत गेलीय, मॅडम," डॉ. शिरीन मुजावर म्हणाली. मिरजेची पोरगी, इथं येऊन तिला दोन महिने झाले होते. "फुप्फुसाचा खालचा भाग भरलाय. मास्कवर संध्याकाळपर्यंत निभेल. पुढं काय ते आपल्याला ठरवायचंय. घशात नळी घालून श्वासयंत्र लावायचं, दहा-बारा दिवस. दहात चार जण त्यातनं बाहेर येतात. नाहीतर नळी घालायची नाही. औषधं द्यायची, त्रास होऊ द्यायचा नाही, आणि..."

"आणि कळलं," मृणाली म्हणाली.

शिरीन खाटेशी वाकली. तिला पुस्तकात शिकवलं होतं की आधी रुग्णाला विचारावं, आणि ती मन लावून शिकलेली होती. "आजोबा, घशात नळी नको ना घालायला?"

"व्हय म्हाराजा," मास्कमधून तात्या म्हणाले.

शिरीननं कागदावर लिहिलं: रुग्णाची तोंडी संमती, नळी नको. खाली वेळ घातली, सही केली.

मृणालीनं ते पाहिलं. हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे गुठळी, गाऱ्हाणं, गुरवकी सगळं पहिल्यापासून उलगडून सांगावं लागलं असतं, आणि खोडायला पेन शोधावं लागलं असतं. पेन कुठं ठेवलं ते तिला आठवेना. तिनं कागद तसाच जाऊ दिला.

"चार वाजेपर्यंत सांगितलंत तरी चालेल," शिरीन म्हणाली. मग जरा अवघडून, "तुमची चाचणी मी घेऊ का? तुम्हीच तुमची कशी घेणार?"

रुग्णालयात मृणालीचं काम हेच होतं. ती सलवाचक होती.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. सगळे त्याला नुसतं सल म्हणत. त्याची गोष्ट अशी. बारा-तेरा वर्षांपूर्वी मेंदूच्या अभ्यासकांच्या एका गटानं साधा प्रश्न घेतला होता. माणूस अवघड निर्णय घेतो तेव्हा कारणं आधी येतात की निकाल? हजारो लोकांच्या डोक्यावर संवेदकांच्या टोप्या चढवून त्यांनी पाहिलं, तर निकाल आधी येत होता, पाव सेकंदात. कपाळाच्या मागं खोलवर, जिथं दुखल्याची आणि चुकल्याची जाणीव शेजारी-शेजारी राहतात, तिथं एक लहर उठायची. कारणं त्यानंतर सावकाश, वकिलासारखी कोट चढवत यायची.

त्याच लोकांना अभ्यासकांनी पाच वर्षांनी पुन्हा गाठलं. ज्यांची लहर त्या वेळी मोठी होती, त्यांच्या मनात तो निर्णय अजून सलत होता. म्हणजे सल पाच वर्षं आधीच मोजता येत होता. शून्य ते शंभर असा आकडा बसवता येत होता. त्यातून ज्याचा त्याचा स्वार्थ गणितानं वजा केला, तर नॉर्वेतल्या कोळ्याचा आणि वेंगुर्ल्यातल्या कोळ्याचा आकडा जवळजवळ सारखा यायचा. यावर विद्वानांची मोठी जुंपली. एक बाजू म्हणाली, डोळ्याला उजेड दिसतो तसं मनाला बरोबर-चूक दिसतं. ते बाहेर खरोखर असतं, म्हणून तर सगळ्यांना सारखं दिसतं. दुसरी म्हणाली, तुम्ही दुखणं मोजताय आणि त्याला सत्य म्हणताय. भांडण मिटलं नाही, पण यंत्र मात्र तालुक्यापर्यंत पोचलं.

पद्धत सोपी. नातेवाइकाला टोपी घालायची. दोन्ही वाटांचं वर्णन त्याला सावकाश ऐकवायचं. ज्या वाटेचा सल कमी, ती बरोबर धरायची. आलेख गुळगुळीत आला तर त्याला अ श्रेणी, मग तो ग्राह्य. वाकडातिकडा आला तर क. मग माणूस शांत झाल्यावर पुन्हा. मृणालीनं सहा वर्षांत दोनशे चौदा कुटुंबांचे आकडे वाचले होते. या कामाचा तिला अभिमान होता. पूर्वी या वऱ्हांड्यात भाऊ भावाच्या अंगावर धावून जायचे. आता आकडा ऐकून माना डोलावत घरी जात.

साडेनऊला शिरीननं तिच्या डोक्यावर टोपी बसवली. मृणाली डोळे मिटून बसली. दोन्ही वर्णनं तिला पाठ होती, दुसऱ्यांना तिनंच ऐकवली होती. तिच्या डोक्यात काहीही हललं नाही. आत नुसता कापूस भरलेला होता आणि तो कापूस फार मऊ होता.

"नळी घातली तर एकसष्ट," शिरीन म्हणाली. "नाही घातली तर चार. श्रेणी अ. मॅडम, इतका स्वच्छ आलेख मी पाहिलाच नाही."

मृणालीनं शैलेशला फोन लावला.

"चार म्हणजे क्लिअरच आहे ना गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका मस्कतहून इथपर्यंत ऐकू आली. "आणि तात्यांनीही नको म्हटलंय म्हणतेस. मग झालं तर. मी तिकिटाचं बघतो."

तात्यांनी नको म्हटलंय, असं ती म्हणाली नव्हती. कागदावर काय लिहिलंय तेवढं तिनं वाचून दाखवलं होतं. तिनं फोन ठेवला. आता फक्त सही करायची होती आणि मग बहुतेक झोपायला मिळणार होतं. हा विचार मनात आल्यावर तिला लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. ती चहा घ्यायला बाहेर पडली.

बाहेर सुरंगीच्या झाडाखालच्या बाकावर दिगंबर तळवणेकर बसले होते. मंगळवार हा बाजाराचा दिवस, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारी ते असे येऊन बसत. दुखणंखुपणं काही नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको शेवंती इथं अकरा दिवस होती आणि ते अकरा दिवस ते याच बाकावर होते. मग नळी काढण्याचा सल पाच आला, नळी काढली, शेवंती गेली आणि ते मृणालीचे हात धरून आभार मानून घरी गेले. तेव्हापासून येत आणि ठरलेलं एकच विचारत.

"बाई, पाच इललो ना आकडो?"

"पाच, काका."

"पाच म्हणजे कमीच ना?"

"कमीच."

एवढं ऐकलं की ते पिशवी उचलून जायचे. मृणालीला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय लागलीय. आज ती चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी टेकली, कारण उभं राहवत नव्हतं. म्हणून दिगंबरही पिशवी उचलायचे थांबले असावेत.

"तेव्हा माका काय्येक वाटाक नाय, बघ," ते समोर बघत म्हणाले. "तू ती टोपी घातलंस, विचारलंस. डोक्यात नुसतो कापूस. माका वाटला, बरा झाला, वाटणा नाय म्हणजे बरोबरच आसतला. अकरा दिवसांनी पयल्यांदा सारखी झोप लागली. नि उठलंय तर वाटाक लागला." ते जरा थांबले. "तिचा ताट मी अजून मांडतंय. मगे परत ठेवतंय. पाच म्हणजे ह्या इतक्याच दुखता ना, बाई?"

मृणालीच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी कापूस म्हटलं होतं, तिच्याच डोक्यातला शब्द. आणि तिला तात्यांचं एक जुनं बोलणं आठवलं, जे तिनं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

ही नोकरी लागली तेव्हा ती तात्यांना यंत्राचं कौतुक सांगत होती. ते अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. कौल लावणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही. त्यांचाही जन्म त्यातच गेला होता. पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"टोपी घालणारो माणूस निजलेलो असता काय गो?"

"म्हणजे?"

"म्हणजे झोप झालेली असता काय तेची?"

ती हसली होती. तेव्हा त्यांनी कुसुम आतेची गोष्ट सांगितली. कुसुम आते म्हणजे वरच्या वाडीतली बिनलग्नाची म्हातारी. ती देवळावरून पाण्याला जायची आणि ती दिसली की तात्या, हातात काहीही असो, उठून उभे राहायचे. गाव म्हणे, गुरव बायामाणसाचा मान राखतो.

"मान कसलो," तात्या म्हणाले होते. "मी तेव्हा पंचवीस वर्सांचो. तीन दिवस जत्रा, डोळ्याक डोळो नाय. चवथ्या दिवशी तिच्या बापाशीन येऊन विचारल्यान, पोरीची सोयरीक इलीहा, करू काय नको. माझ्या हातात जीव नाय होतो. उजवी पाकळी घट्ट दाबून बसवलंय, डावी कशीबशी टेकवलंय. डावी लगेच पडली. देवान नाय पाडल्यान ती, माझ्या झोपेन पाडल्यान. ता स्थळ गेला, मगे दुसरा काय इलाच नाय. त्या दिसापासून दमल्या हातान पाकळी लावूक नाय कधी. लोकांका सांगी, देव आज बोलाचो नाय, फाल्या येवा. नि जावन निजी."

मृणालीनं कप बाकावर ठेवला. तिच्या चाचण्यांची वेळ ठरलेली होती: डॉक्टरांची फेरी झाली की, दुपारी. तोवर नातेवाईक तीन-तीन, चार-चार दिवसांचे जागे असत. आणि नियमावलीत लिहिलं होतं, व्यक्ती शांत असावी. दमून गेलेल्या माणसाइतकं शांत कोण असतं? जितकं जागरण जास्त तितका आलेख गुळगुळीत. यंत्र खोटं बोलत नव्हतं. मनाला बरोबर-चूक दिसतही असेल, डोळ्याला उजेड दिसतो तसं. पण डोळा उघडा आहे की मिटलेला, एवढंच बघायला कुणाला सुचलं नव्हतं. मिटलेल्या डोळ्याला काळोख दिसला आणि तिनं त्याला अ श्रेणी दिली होती.

"काका," ती म्हणाली. ती उठली. "मी येतंय जरा," एवढंच म्हणून ती आत गेली. मागं दिगंबर उत्तराची वाट बघत बसून राहिले. आज तिनं 'कमीच' म्हटलं नव्हतं.

परब सिस्टर तात्यांचा मास्क नीट करत होत्या. मृणालीनं विचारलं, "तीन वाजेपर्यंत बसशात?"

"बसतंय. तू जा गो, नीज. तुझा तोंड बघलंस आरशात?"

परिचारिकांच्या खोलीत लोखंडी खाट होती. बाप खाली श्वासासाठी झगडतोय आणि आपण झोपायला चाललोय, हे तिला विचित्र वाटलं. पण त्याच बापाचा नियम होता. तिनं तीनचा गजर लावला आणि चपला काढायच्या आत झोपली.

जाग आली तेव्हा पाठ नेहमीसारखी दुखत होती, पण डोकं आपल्या जागी आलं होतं. आणि डोळे उघडल्या उघडल्या तिला मनात तात्यांचा डावा हात दिसला.

गुठळी झाली त्या वेळी त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं. उजवा हात गेलेला. डाव्यानं ते नाकातली नळी ओढून काढत. तीनदा काढली, तेव्हा तो हात पट्ट्यानं खाटेच्या दांड्याला बांधला. ती भेटायला गेली की तात्या तिच्याकडं बघत नसत, बांधलेल्या हाताकडं बघत आणि डोळ्यांतून पाणी गळत राही. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण सकाळी टोपीखाली त्यातलं काहीही आठवलं नव्हतं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही आठवलं. गेल्या आठवड्यात रेडिओवर दशावताराचा मृदंग लागला, तेव्हा तोच हात चादरीवर ताल धरत होता. फणसाचा गरा तोंडात ठेवला की म्हातारा अजून डोळे मिटून घ्यायचा. त्यांना जगायचं होतं का? तेही खरं असू शकत होतं. तिला रडू आलं. चौदा महिन्यांत ती पहिल्यांदाच रडली, आणि रडताना तिला बरंही वाटलं नाही.

तिनं शिरीनला गाठलं. "पुन्हा घे चाचणी."

शिरीननं टोपी बसवली, वर्णनं वाचली आणि पडद्याकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "घातली तर एकोणसाठ. नाही घातली तर सत्तावन्न. पण मॅडम, आलेख फार खराब आलाय. क श्रेणी. 'चाचणी ग्राह्य नाही, व्यक्ती अस्वस्थ आहे.' आता नियमानं सकाळचीच धरावी लागेल."

"सकाळची रद्द कर."

"कारण काय लिहू? अ श्रेणी रद्द करायला कारण लागतं."

"लिही, व्यक्ती झोपेत होती."

शिरीननं तिच्याकडं पाहिलं.

"मी चेष्टा करत नाही. चार रात्री मी जागी होते. मला काही वाटत नव्हतं, म्हणून चार आला. आता वाटतंय, म्हणून मशीन मला घेत नाहीये. आणि तो संमतीचा कागद दे इकडं." या वेळी पेन तिच्या खिशातच होतं. तिनं शिरीनला दोन शब्दांची सगळी गोष्ट सांगितली, गुठळीपासून गाऱ्हाण्यापर्यंत. ऐकता ऐकता शिरीनचा चेहरा पडला.

"मी त्यांना पुन्हा उलटं विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "नळी हवी का, असं."

"तुला कोण सांगणार? मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले." मृणालीनं ती ओळ खोडली, शेजारी आपली सही केली.

"मग आता ठरवायचं कसं?" शिरीननं विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "सत्तावन्न आणि एकोणसाठ म्हणजे काहीच नाही. दोन्हीकडं सारखंच."

"दोन्हीकडं सारखं म्हणजे काहीच नाही कसं?" मृणाली म्हणाली. "दोन्हीकडं भरपूर आहे."

साडेतीनला ती तात्यांच्या खाटेशी गेली. परब सिस्टर उठून पलीकडं झाल्या. तात्या जागे होते. मास्कच्या आत वाफ धरत होती, सुटत होती. मृणालीनं त्यांचा डावा हात हातात घेतला. तिनं त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. बाईमाणसानं पाटवळात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं, पण शब्द तिला लहानपणापासून पाठ होते.

"बा देवा म्हाराजा," ती हळू आवाजात म्हणाली, "आज तुझ्या पायाकडे तुझा चेडू, तुझी लेक, उभा ऱ्हवलाहा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मास्कमधून आलं.

"चौदा म्हयने तुका उचलून तेची पाठ मोडली रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मधी मधी तेच्या मनात इला, म्हातारो सुटात तर बरा. ता तुका सांगूक नाय, आज सांगतासा रे म्हाराजा."

जरा वेळानं, श्वास गोळा करून, "व्हय म्हाराजा."

 गाऱ्हाण्याच्या शेवटी गुरव म्हणतो, काय चुकलामाकला असात तर माफ कर. तिला ते म्हणवेना.

"तुझो हात परत बांधूक दिवचंय नाय," ती म्हणाली. "नळी नको असा मी ठरवतंय. मशीन सांगणा नाय, तू सांगूक शकणस नाय, मी ठरवतंय. ह्या तुझ्यासाठी काय माझ्यासाठी, ता माका पुरता कळणा नाय. काय चुकलामाकला असात तर ता माझ्या पदरात घाल, नि तुका सुखान जाव दी रे म्हाराजा."

ती थांबली. तात्या तिच्याकडं बघत होते. मास्कमध्ये वाफ धरली आणि सुटली, पुन्हा धरली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याचा अर्थ लावायचा मोह तिला झाला, पण पाकळी पडली नाही तर तिला हात लावून पाडायची नसते, एवढं ती गुरवाची मुलगी म्हणून शिकली होती. तिच्या बोटांवरची त्यांची पकड मात्र घट्ट होती. ती तशीच बसून राहिली.

चार वाजता तिनं सही केली. कागदावर सलाच्या रकान्यात तिनं सत्तावन्न लिहिलं. शिरीन म्हणाली की हा आकडा ग्राह्य नाही, तिथं रेघ मारायला हवी. मृणाली म्हणाली, राहू दे.

तात्या गुरुवारी सकाळी दहा वाजता गेले. शैलेश वेळेवर पोचला. "चार म्हणजे काही वाटून घ्यायचं कारण नाही," असं तो तिला पुन्हा पुन्हा समजावत होता. चार रद्द झाला, हे तिनं त्याला तेराव्यानंतर सांगितलं.  तो उठून अंगणात गेला आणि तात्यांच्या सुपाऱ्या सोलायच्या पाटावर बसून राहिला.

तीन आठवड्यांनी ती कामावर आली. वरच्या कचेरीला तिनं सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मग तिनं चाचणीच्या अर्जावर स्वतःच एक ओळ वाढवली: गेल्या दोन दिवसांत किती तास झोप? शिरीननं कुठूनतरी दोन खाटा मिळवून वऱ्हांड्याच्या टोकाला पडदा लावून दिला. आता निम्म्या कुटुंबांचे आलेख क श्रेणीत यायला लागले, वऱ्हांड्यात पुन्हा भांडणं व्हायला लागली, आणि वरून विचारणा झाली की या तालुक्याची यंत्रणा बिघडली आहे का. मृणालीला हे सगळं करून बरं वाटत नव्हतं. दोनशे चौदा कुटुंबं होती, आणि त्यातली बहुतेक आपापल्या घरी निर्धास्त होती. त्यांना जाऊन काय सांगायचं? न सांगणं हाच दयाळूपणा असेल, असं रोज सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत वाटेनासं व्हायचं.

मंगळवारी खिडकीतून सुरंगीखालचा बाक दिसला. दिगंबर आले होते. ती दारात गेली. त्यांनी मान वर केली आणि तिच्याही नकळत ती होती तिथं सरळ उभी राहिली, तात्या उभे राहायचे तशी. मग चालत त्यांच्याजवळ गेली.

"तात्या गेले म्हणान ऐकलंय," दिगंबर म्हणाले.

"व्हय, काका."

 बाजारातून परतणाऱ्या बायका रस्त्यानं जात होत्या. मग दिगंबरनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत विचारलं, "बाई, पाच इललो ना आकडो?"

हो म्हटलं की ते उठून गेले असते. तिला ते फार सोपं होतं. तिची पाठ दुखत होती आणि आत तीन कुटुंबं वाट बघत होती.

"काका, तो आकडो चुकीचो होतो," ती म्हणाली. "तुम्ही अकरा दिवस निजूक नाय होतात. दमलेल्या माणसाक काय वाटणा नाय, म्हणान पाच इलो. मी तुमका आधी निजूक पाठवक होया होता. चूक माझी. निजान उठून टोपी घातली असती तर किती इलो असतो, ता माका ठावक नाय. पण पाच नाय."

ती शिवीची वाट बघत उभी राहिली. दिगंबर बोटाभोवतीचा बंद सोडवत होते. सोडवून झाला तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. डोळे भरले होते, पण खांदे सैल पडले होते.

"म्हणजे माका जा दुखता," ते म्हणाले, "ता खरा?"

"व्हय," मृणाली म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली.